रिपीटर बोलतो कुणाच्या भाषेत?

चारकोपमध्ये सरकारने लोकांना घरं दिली नाहीत, जागा दिली. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून ‘बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि त्यात कांदिवली पश्चिमेच्या टोकाला, खाडीकडेच्या जमिनीवर म्हाडाने प्लॉट आखले. लहान प्लॉट पंचवीस चौरस मीटरच्या आसपासचे. रस्ता, पाणी आणि गटार योजनेचं, भिंती ज्याच्या त्याच्या. सुमारे ३५ घरांची एक सहकारी सोसायटी आणि तिच्या मधोमध सगळ्यांचं मिळून एक अंगण. पैसा आला तसा कुणी माळा चढवला, कुणी बाहेरून लोखंडी जिना काढला, कुणी पुढची खोली दुकानाला दिली. आज त्या गल्ल्यांतून चालताना एका घरासारखं दुसरं दिसत नाही. खालची पाण्याची लाइन मात्र सगळ्यांची एकच.

नगररचनेच्या अभ्यासात या पद्धतीला ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ म्हणतात. हे प्रकरण रेडिओच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे, पण चारकोपचा हा नकाशा डोळ्यांसमोर असू द्या. सामाईक काय ठेवायचं आणि कुणी काय बांधायचं, हाच प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, हा परवानाधारक माणूस असतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातली डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा पास झालेल्याला परवाना देते. वय बारा पूर्ण असलं की बसता येतं. जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन वर्ग आहेत. कॉलसाइन, म्हणजे हॅमचं हवेतलं नाव, व्हीयू२ने सुरू झाली तर समोरचा जनरल वर्गातला, व्हीयू३ने झाली तर रिस्ट्रिक्टेड. या सेवेतून पैसे कमवायचे नाहीत, गाणी वाजवायची नाहीत. बोलायचं, शिकायचं, प्रयोग करायचे आणि वेळ आलीच तर उपयोगी पडायचं.

ती वेळ मुंबईवर २६ जुलै २००५ला आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, अनेकांचे मोबाइल लागेनासे झाले. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते आणि दोन्ही असली तरी एका वेळी किती जण बोलू शकतात याला मर्यादा असते. हॅमच्या हँडीला बॅटरी पुरते. पण हँडी म्हणजे पाच वॉटच्या आतबाहेरचं हातातलं यंत्र. तिच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. चारकोपच्या तळमजल्यावरून मुलुंडला हाक मारली तर मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर येतात. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी साधारण सहाशे किलोहर्ट्झ बाजूला दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर तेच मोठ्या आवाजात बोलतो. गावातल्या दवंडीवाल्यासारखा, फक्त ऐकणं आणि ओरडणं एकाच वेळी.

रिपीटरला पगारी माणूस नसतो. पावसाळ्याआधी गच्चीवर जाऊन कनेक्टरला टेप गुंडाळणारा, बॅटरीत पाणी भरणारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला अँटेना म्हणजे मोबाइल टॉवर नव्हे हे तिसऱ्यांदा समजावणारा, हे सगळे नोकरी-धंदा सांभाळून येतात. रिपीटर एकाचे दहा झाले आणि इंटरनेटवरून जोडले गेले की आणखी एक माणूस लागतो: रात्री अकराला लॅपटॉप उघडून सर्व्हर का पडला हे पाहणारा. तो बहुतेक ठिकाणी एकटाच असतो.

हॅमच्या जगातली एक विसंगती मला इथेच दिसते. हवेतल्या बोलण्याला कुलूप लावायला हॅमला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत स्पष्ट म्हटलंय की हौशी केंद्रांनी देशोदेशी बोलताना अर्थ लपवण्यासाठी संकेतलिपी वापरायची नाही. उपग्रह नियंत्रणाचे संदेश तेवढे वगळले आहेत. कुणीही रिसीव्हर लावावा आणि ऐकावं. पण हे उघडं बोलणं ज्या सॉफ्टवेअरमधून वाहतं, ते अनेकदा पूर्ण बंद असतं. इकोलिंक हे २००२पासून जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याने हजारो हॅमना जोडलं, पण त्याचा सोर्स कोड प्रसिद्ध नाही. डी-स्टार या जपानी डिजिटल पद्धतीत आवाज लहान करणारा कोडेक एका कंपनीच्या मालकीचा. घरी प्रयोग करणाऱ्यालाही त्यासाठी कंपनीची चिप घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांना हे खटकलं आणि त्यांनी ‘कोडेक २’ नावाचा खुला पर्याय लिहून काढला. हॅमने स्वतःचं यंत्र स्वतः उघडून पाहावं, या परंपरेला धरूनच होतं ते.

खुल्या रिपीटर-जाळ्याची सगळ्यात बोलकी गोष्ट जिम डिक्सन यांची आहे. कॉलसाइन डब्ल्यूबी६एनआयएल, राहणार अमेरिका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारी यंत्रं फार महाग असत. साध्या पीसीमध्ये एक कार्ड खुपसून आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरकडून करून घेऊन तेच साधता येईल, असं डिक्सन यांना वाटलं. त्यांनी कार्ड बनवलं, त्याचं नाव ठेवलं ‘तोर्मेंता’, म्हणजे स्पॅनिशमध्ये वादळ. प्रकल्पाचं नाव ‘झपाटा टेलिफोनी’. एमिलियानो झपाटा हा मेक्सिकोतला शेतकरी क्रांतिकारक. जमीन कसणाऱ्याची, हे त्याचं मागणं. (चारकोपचा प्लॉट आठवला असेल तर तो योगायोग माझा नाही, डिक्सन यांचा आहे.) कार्डाचे सगळे आराखडे त्यांनी जाहीर करून टाकले. त्याच सुमारास मार्क स्पेन्सर हा तरुण ‘अॅस्टरिस्क’ नावाचं खुलं टेलिफोन एक्स्चेंज सॉफ्टवेअर लिहीत होता. दोघांचं काम एकमेकांत बसलं आणि पुढे जगभरच्या कितीतरी कचेऱ्यांचे फोन त्यावर चालले.

डिक्सन हॅम होते, त्यामुळे त्यांनी त्याच अॅस्टरिस्कला रिपीटर चालवायला शिकवलं. ‘अॅप-आरपीटी’ हा त्यांनी लिहिलेला भाग. त्याच्या दृष्टीने रिपीटर म्हणजे न संपणारा एक कॉन्फरन्स कॉल. रेडिओच्या बाजूने कुणी बोलू लागलं की एक तार सांगते, ‘ऐकू येतंय’. कॉम्प्युटर दुसऱ्या तारेवरून ट्रान्समीटरला सांगतो, ‘बोल’. प्रत्येक केंद्राला एक नोड क्रमांक. हँडीवरची बटणं टेलिफोनसारखी दाबून दुसऱ्या नोडला जोडायचं, काम झालं की सोडायचं. यातून उभं राहिलेलं जाळं म्हणजे ऑलस्टारलिंक.

डिसेंबर २०१६मध्ये डिक्सन गेले. जाळं ज्या अॅस्टरिस्कवर उभं होतं ती आवृत्ती १.४, म्हणजे त्या वेळी दहा वर्षं जुनी. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती चालवणं वर्षागणिक अवघड होत गेलं. कोड बंद असता तर गोष्ट इथेच संपली असती: नोंदणीचा सर्व्हर आचके देत चालला असता आणि एका रात्री थांबला असता. पण परवाना जीपीएल होता. कोड कुणालाही वाचता येत होता, बदलता येत होता, अट एवढीच की बदललेलं दुसऱ्याला दिलं तर त्याचा सोर्सही द्यायचा. पुढे जाळ्याची जबाबदारी ऑलस्टारलिंक इन्कॉर्पोरेटेड या ना-नफा संस्थेकडे आली, कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आला आणि स्वयंसेवकांनी तो नव्या अॅस्टरिस्कवर उचलून ठेवला. तिसरी आवृत्ती २०२४मध्ये बाहेर पडली. मधल्या वर्षांत कोड नुसता खुला असून भागलं नाही. लेखक गेल्यावर तो वाचणारी, समजून घेणारी माणसं तयार व्हायला वेळ लागला. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवणं आणि आतल्या कागदांचा उलगडा होणं, यात अंतर आहे.

आता चारकोपला येऊ. समजा, तिथल्या आणि आसपासच्या आठ-दहा हॅमनी मिळून एक छोटं जाळं उभं केलंय. समजा, त्याचं सॉफ्टवेअर त्यांच्यातल्या एकाने पाच वर्षं शनिवार-रविवार घालून लिहिलंय, आणि आता त्याची बदली झालीय. गट ठरवतो, कोड सगळ्यांना खुला करू. सोमवारी सकाळी फाइली चढवल्या की झालं?

पहिला खड्डा पासवर्डचा. एकटा माणूस स्वतःसाठी लिहितो तेव्हा सर्व्हरचा पासवर्ड कोडमध्येच टाकतो. मीही टाकले आहेत. खुलं करताना तो ओळीतून खोडला जातो, पण गिट ही आवृत्त्या सांभाळणारी पद्धत जुनं काहीच विसरत नाही. तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती उघडली की पासवर्ड तिथेच बसलेला. त्यामुळे खोडण्यापेक्षा पासवर्ड बदलणं हे खरं काम. त्याहून नाजूक गोष्ट माणसांच्या कागदांची. जाळ्यात येणारा खरोखर परवानाधारक आहे ना, हे पाहण्यासाठी परवान्याची प्रत मागवलेली असते. तिच्यावर घरचा पत्ता असतो. कोड सगळ्यांचा होईल, ते कागद कधीच नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा. पाच वर्षांत आणखी तिघांनी अधूनमधून ओळी लिहिल्या असतील तर त्या ओळींचे हक्क त्यांचे. परवाना निवडायच्या आधी त्यांना विचारायला हवं. मैत्रीत हे विचारणं विचित्र वाटतं, पण नंतरच्या भांडणापेक्षा बरं. सामाईक वस्तूबद्दल न विचारता ठरवलं की काय होतं याचं मोठं उदाहरण हॅमच्याच इतिहासात आहे. १९८१मध्ये, इंटरनेट बाल्यावस्थेत असताना, हॅमसाठी ४४ने सुरू होणारे सगळे पत्ते राखून मिळाले होते, एक कोटी साठ लाखांहून अधिक. २०१९मध्ये ते सांभाळणाऱ्या एआरडीसी या संस्थेने त्यातले चतुर्थांश अॅमेझॉनला विकले. दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम आली. त्यातून आज खुल्या रेडिओ प्रकल्पांना अनुदानं जातात. पैसा सत्कारणी लागतोय, हे मान्य. तरी व्यवहार झाल्यावर बातमी कळलेल्या कित्येक हॅमचा राग समजण्यासारखा होता. अंगणातला कोपरा विकायचा तर सोसायटीची सभा बोलावतात की नाही?

तिसरी गोष्ट फक्त रेडिओच्या सॉफ्टवेअरला लागू आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वेबसाइटच्या कोडमध्ये चूक झाली तर पान उघडत नाही. रिपीटरच्या कोडमध्ये चूक झाली तर ट्रान्समीटर चालूच राहतो. तो फ्रीक्वेन्सी अडवतो, तापतो, आणि नियमांसमोर उत्तर द्यायचं असतं परवाना ज्याच्या नावावर आहे त्याला. ज्या अनोळखी मुलाने हौसेने दोन ओळी बदलल्या त्याला नव्हे. म्हणून आलेला बदल आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, मग टेबलावरच्या सेटवर चालवून पाहायचा. अँटेनाऐवजी तिथे डमी लोड लावतात. पन्नास ओमचा हा रोध सगळी शक्ती उष्णतेत जिरवतो, हवेत जवळजवळ काही जाऊ देत नाही. शिवाय ठरावीक मिनिटांनी ट्रान्समीटर तोडणारा टायमर सॉफ्टवेअरच्या भरवशावर न सोडता वेगळ्या सर्किटमध्येही ठेवलेला बरा. चारकोपच्या भाषेत: माळा हवा तसा चढवा, पण खांबाला हात लावायचा तर आधी दाखवा.

हे वाचून वाटेल, इतक्या अडचणी असतील तर कशाला उघडायचं? उत्तर हैदराबादला आहे. तिथले हॅम अश्हर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘बिटएक्स’ या ट्रान्सीव्हरचा, म्हणजे बोलणं-ऐकणं दोन्ही करणाऱ्या यंत्राचा आराखडा जाहीर केला. भारतात त्या वेळी हॅमला लागणारे टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायच्या कड्या, सहज मिळत नव्हते. फरहान यांनी गुंडाळ्यांसाठी नळाचे वॉशर वापरले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तेच. ज्याला मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठता येत नाही, त्यालाही यंत्र बांधता यावं असा हा आराखडा. २०१७च्या शेवटी त्याचा धाकटा भाऊ मायक्रोबिटएक्स आला, त्यात आर्डुइनो आणि खुलं फर्मवेअर होतं. ते मुद्दाम साधं ठेवलेलं. बघता बघता देशोदेशीच्या हॅमनी त्याच्यावर मजले चढवले: कुणी मोठा डिस्प्ले जोडला, कुणी कॉम्प्युटरवरून चालवायची सोय वाढवली, एकाने तर जवळपास पूर्ण फर्मवेअरच नवं मांडलं. फरहान यांच्या टेबलावर या सगळ्या गरजा कधी आल्याच नसत्या.

जोसेफ टेलर यांचंही तेच. १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस हॅमच. अगदी क्षीण संदेश पकडणारं डब्ल्यूएसजेटी हे सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं आणि २००५मध्ये खुलं केलं. २०१७ला त्यातूनच एफटी८ ही संदेशपद्धत आली. मुंबईत एलईडी दिवे, लिफ्ट आणि इन्व्हर्टरच्या गोंगाटात आवाज ऐकूच येत नाही, तिथेही बाल्कनीतल्या तारेवर ती चालते.

बाहेरच्या माणसाला आत येऊ देताना आणखी एक शिष्टाचार लागतो आणि तो हॅमना शिकवायला नको. नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळच्या हजेरीत, नवी कॉलसाइन ऐकू आली की नेट कंट्रोल तिला लगेच पोच देतो. आवाज तुटक असला तरी, पुढच्याला थांबवून. कोडच्या कामात हेच विसरलं जातं. एखाद्या कॉलेजच्या मुलीने रात्र घालवून बदल पाठवायचा आणि तीन आठवडे त्यावर एक अक्षर नाही. चौथ्या आठवड्यात ती दुसरीकडे गेलेली असते. ‘मिळालं, रविवारी बघतो’, एवढंही पुरतं. न स्वीकारायचं असेल तर का नाही, हे सांगायचं.

आणि आत येणाऱ्याने काय आणायचं? दर वेळी कोडच हवा असं नाही. कुणी तारांची जोडणी मराठीत नीट लिहून काढील, कुणी चूक नेमकी कधी होते याची चार रात्री नोंद ठेवील. माझ्या मनात मात्र बरेच दिवस एक वेगळंच काम आहे.

रिपीटर वेळ सांगतो. अॅप-आरपीटीमध्ये ही सोय आहे: आधी ‘गुड इव्हिनिंग’, मग ‘द टाइम इज’, मग आकडे. ध्वनीचे सुटे तुकडे एकापुढे एक वाजतात. इंग्रजीत पंचवीस म्हणायला ‘ट्वेंटी’चा तुकडा आणि ‘फाइव्ह’चा तुकडा पुरतो. वीसपर्यंतचे आकडे, मग दहाचे टप्पे, बस. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक नंतर, म्हणून अॅस्टरिस्कमधल्या ‘से डॉट सी’ या फाइलमध्ये जर्मनसाठी वेगळा भाग आहे. डॅनिश, फ्रेंच अशा इतरही कितीतरी भाषांचे भाग तिथे आहेत. मूळ लेखकाला एवढ्या भाषा येण्याचं कारण नव्हतं. स्वीडनच्या टोबियास ब्लोमबर्ग यांनी लिहिलेल्या स्व्हिक्सलिंक या खुल्या रिपीटर सॉफ्टवेअरने तर बोलण्याचा भाग वेगळ्या स्क्रिप्टमध्येच काढून ठेवलाय, म्हणजे मुख्य कोडला हात न लावता आपल्या भाषेचे नियम घालता येतात.

मराठीचे नियम घालायला बसलं की गंमत कळते. पंचवीसमध्ये ‘वीस’ ऐकू येतो, पण पंच म्हणजे पाच नव्हे. पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी: पाच दर दशकात वेश बदलतो. एकोणतीस तर तिसातून एक वजा करून बोलतो. म्हणून एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकडा स्वतंत्र ध्वनिमुद्रित करायला हवा. घड्याळाचं याहून कठीण. सातला साडेसात होतो, पण एकला साडेएक होत नाही, दीड होतो, दोनला अडीच. सव्वासात वाजतात, पण एक वाजून पंधरा मिनिटं झाली की नुसता सव्वा वाजतो. पावणेआठ म्हणताना अजून न वाजलेल्या आठाचं नाव घ्यायचं, म्हणजे प्रोग्रामने तासात एक मिळवायचा. पण पावणेएक असं म्हणण्यापेक्षा आपण पाऊण वाजला म्हणतो. शिवाय एक, सव्वा, दीड ‘वाजला’, आणि अडीच ‘वाजले’. ‘गुड आफ्टरनून’ला तर प्रतिशब्दच नको. शुभ दुपार असं चारकोपच्या बाजारात कोण कुणाला म्हणतं? तिथे नुसता ‘नमस्कार’ टाकावा आणि दिवसाचा प्रहर वेळेलाच जोडावा: सकाळचे नऊ, दुपारचे साडेतीन, संध्याकाळचे साडेसात.

हे सगळं लिहायला नोबेल लागत नाही की रेडिओ इंजिनिअरिंगची पदवी. शाळेत पाढे म्हटलेलं कुणीही, थोडं प्रोग्रामिंग येत असेल तर, दोन रविवारांत उरकेल. फक्त फाइल उघडी हवी आणि पाठवलेला बदल वाचायला पलीकडे कुणीतरी हवं. परीक्षणात अडेल ते एकाच ओळीवर. पहाटे चारला रिपीटरने काय म्हणावं? दूधवाला आणि पहिली लोकल पकडणारा म्हणतील पहाटेचे चार; नुकताच रात्रपाळीवरून येऊन आडवा झालेला म्हणेल, रात्रीचे. त्या ओळीखाली दोघांच्याही टिप्पण्या येतील आणि ज्याच्या हातात स्वीकारायची किल्ली आहे, तो बहुधा तिसऱ्यालाच विचारायला जाईल.